टपावर दोन ठोके

३ मार्च

ताई,

म्हणजे शेवटी तू त्या शोरूमवाल्याच्या बोलण्यात आलीसच! मागच्या पत्रात मी इतका घसा फोडून लिहिलं, तरी तुझं आपलं तेच. क्लच नाही, गियरची कटकट नाही, पाय कसे आरामात. अगं, पाय आरामात ठेवायचे असतील तर खाट घ्या. पिकअप कशाला घेताय?

फोनवर बोललो असतो, पण फोनवर बाबा शेजारी कान देऊन बसतात आणि मी ओरडतो. म्हणून हे लिहिणं आलं. लिहावं लागू नये म्हणून तर मी शाळेतून पळालो होतो.

ऑटोमॅटिक काय चीज आहे ते शोरूमवाल्याला नको, मला विचार. मी रोज तीच हाकतो. हॉटेलांच्या मागच्या दाराशी जायचं, तळून तळून डांबर झालेलं तेल पिंपांत भरून घ्यायचं आणि कंपनीच्या आवारात आणून ओतायचं. हे माझं काम. पिंपाच्या तळाशी काय काय निघतं ते सांगत नाही, तू जेवायची असशील. बरं, सांगतोच. परवा उंदीर निघाला. कुरकुरीत. मुकादम म्हणाला, गाळणीत अडकला ना, मग झालं. स्टिअरिंग इतकं चिकट की हात काढला की चर्र आवाज येतो. सीटच्या खाचेत आधीच्या शिफ्टवाल्याच्या दात कोरायच्या काड्या. पाणी प्यायलो तर पाण्याला वास, उशीला वास. झोपेतसुद्धा मी कुठल्यातरी कढईशेजारी झोपलेला असतो.

आणि वर ती गाडी. गियरच्या जागी एक दांडी. पुढे, मागे, उभी. संपलं. आपण पाय दाबायचा, मग बाईसाहेब विचार करणार, मग मनात आलं तर गियर बदलणार. चढावर तर अशी रेंगाळते की खाली उतरून ढकलावंसं वाटतं. चालवणारा मी, पण मला विचारतंय कोण? मी नुसता बसलेला. मागे तीन पिंपं, मी चौथं.

आता आपलं काचेचं दुकान आठव. चढाच्या अगदी टोकाला. गाडीच्या मागच्या हौद्यात बाबा उभी काच धरून, पुढे मी. पहिल्या गियरात अर्धा क्लच धरून गाडी अशी उचलायचो, जसं झोपलेलं पोर उचलावं. टपावर बाबांचा एक ठोका पडला की सावकाश, दोन पडले की थांब. इतकी वर्षं चालवली, माझ्या हातून एक काच तडकली नाही. विचार बाबांना. ते कौतुक करायचे नाहीत, पण नाही म्हणायचे नाहीत.

तेव्हा मॅन्युअल घ्या. काचेच्या धंद्यात गाडी म्हणजेच दुकान. ज्याच्या हातात गियर, त्याचं दुकान. मी आलो की मीच चालवणार आहे, दुसरं आहे कोण? तोवर गचक्याला धकवू दे. त्याला पगार देता तो गाडी चालवायचाच ना? हे नाव मीच ठेवलं होतं त्याचं, त्याच्या क्लच सोडण्यावरून. पण ऑटोमॅटिकपेक्षा गचक्या परवडला.

पैसे नेहमीसारखे पाठवलेत. बाबांना नमस्कार.

तुझा भाऊ


१९ मार्च

चिरंजीवांना ताईचे आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. कागदाला वास येतो. कपाटात ठेवायची सोय नाही म्हणून वाचून खिडकीत वाळत घातलंय.

गचक्याला काढलं. शिंप्याच्या दुकानाचा मोठा आरसा, पुरुषभर उंचीचा, आपल्याच चढावर फुटला. बाबा म्हणाले, त्यानं क्लच सोडला आणि गचका बसला. तो शपथा घेऊन सांगत होता, "नाही बसला हो मालक, खरंच नाही बसला." रडायला लागला. बाबांनी त्याचा पगार हातावर ठेवला, तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही. मला ते बरं वाटलं नाही, पण त्याआधी दोन काचा अशाच गेल्या होत्या. मग मी तरी काय बोलणार?

जुन्या गाडीचा मागचा पत्रा आता इतका सडलाय की बाबांच्या पायाशी रस्ता पळताना दिसतो. नवी घ्यायलाच हवी. ऑटोमॅटिक साठ हजारांनी महाग पडते. मे अखेरपर्यंत हाच भाव धरून ठेवतो असं शोरूमवाला म्हणालाय. ऑटोमॅटिकचं माझ्याच डोक्यातून निघालं, मान्य. बाबांना विचारलं तर म्हणाले, "त्याला विचार." आजवर बाबांनी दुकानातल्या एका खिळ्याबद्दल तरी तुला विचारलं होतं का? तेव्हा याचा मान ठेव आणि नीट उत्तर दे.

मीही एकच विचारते. तू कधी येणार आहेस? "पुढच्या वर्षी" असं नको. ते तू प्रत्येक वर्षी लिहितोस. तारीख लिही. तू तारीख लिहिलीस तर मी उद्या जाऊन मॅन्युअल घेते, आणि क्लचवर हार घालते.

जेवताना हात नीट धूत जा.

ताई


६ एप्रिल

ताई,

शाबास! गचक्याला काढलं, हे तू मला इतक्या सहज लिहितेस जसं मांजर हाकललं. बरं, हाकललात. मग आता जुनी गाडी कोण चालवतंय? हे तुझ्या पत्रात कुठेच नाही. मी दोनदा वाचलं. तू शिंप्याचा आरसा किती उंच ते लिहितेस, पत्रा किती सडला ते लिहितेस, आणि गाडी कोण चालवतं तेवढंच विसरतेस? तू लिहायला काही विसरणारी नाहीस.

आणि हा शोरूमवाला भाव धरून ठेवतो म्हणे. का? आपल्या दुकानावर त्याचं इतकं प्रेम का उतू चाललंय? मी मूर्ख नाही, ताई. मी फक्त लांब आहे. लांबून वास जास्त लागतो. ज्याला क्लच दाबता येत नाही असा कोणीतरी गुळगुळीत दाढीचा माणूस पुढच्या सीटवर बसणार, त्याचे पाय दुखू नयेत म्हणून ऑटोमॅटिक, आणि मला विचारायचं ते नावाला. जावई आणायचा तर उजळ माथ्यानं आणा. मी येऊन मांडवात वाढीन. पण माझ्या पैशानं त्याच्या बुडाखाली गादी कशाला? मी इथे कोणाकोणाचं करपलेलं तेल उपसतो ते त्याच्यासाठी?

मला हे सगळं किळसवाणं वाटतं. इथलं तेल बरं, ते निदान तेल आहे असं सांगून वास मारतं.

स्वच्छ सांगतो. ऑटोमॅटिक घेतलीत तर माझ्याकडून छदाम येणार नाही. या महिन्याचेही थांबवलेत. आधी उत्तर दे.

माझं ठीक आहे. सध्या गाडीवर नाही, आवारात आहे. पिंपं घासायची, गरम पाण्यानं. बदल म्हणून. हवेशीर आहे तसं. तळाचा थर खरवडायला जे पातं देतात तेच एकजण डबा उघडायला वापरतो, पण तो त्याचा प्रश्न.

तुझा भाऊ (अजून तरी)


२५ एप्रिल

अरे दीडशहाण्या,

शोरूमवाल्याला तीन नातवंडं आहेत. दाढी गुळगुळीत आहे हे मात्र खरं, कारण डोक्यासकट सगळंच गुळगुळीत आहे. तुझं पत्र आधी फाडायला घेतलं होतं. मग म्हटलं, नको, म्हातारपणी वाचून दाखवीन.

गाडी मी चालवते. गचक्या गेला त्या दिवसापासून, म्हणजे जानेवारीपासून; तुला मी ते उशिरा कळवलं. लायसन्स तू जायच्या आधीच काढलं होतं. तेव्हा तुला दाखवलं तर तू इतका हसलास की पुन्हा विषय काढला नाही. तुझा तो अर्धा क्लच, पोर उचलणं, सगळं मला येतं. चढावर गाडी माझ्या हातून मागे सरकत नाही. तेव्हा ऑटोमॅटिक माझ्यासाठी नाही.

आता ऐक. बाबांनी लिहू नकोस म्हटलं होतं. पण तू मांडवापर्यंत पोचलास, तेव्हा लिहिते.

पहिल्याच आठवड्यात दवाखान्याची मोठी काच घेऊन आम्ही निघालो. पुढे मी, मागे बाबा. नाक्यावर वळले तशी बाबांची आरोळी आली. मी थांबवली. बाबा म्हणाले, "बहिरी झालीस का? दोनदा ठोकलं ना!" मला एकदाही ऐकू आलं नव्हतं. मला वाटलं, माझंच लक्ष नसेल. दुसऱ्या दिवशी सगळा रस्ता मी एक डोळा आरशात ठेवला. बाबा टप कोपरानं ठोकत होते.

घरी आल्यावर एकेक दिसायला लागलं. सदऱ्याची वरची बटणं उघडी असायची, मी म्हणायचे उकडत असेल. चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरायचे, मी म्हणायचे ऊब बरी वाटत असेल. डॉक्टरांकडे ओढून नेलं. मनगटात नस दबली आहे, दोन्ही हातांची. बोटांना कळतच नाही काय धरलंय आणि काय सुटलंय. ऑपरेशन करता येईल, पण पूर्वीचा जोर येईल असं डॉक्टर छातीठोक सांगत नाहीत. म्हणाले, गाडी चालवा, बाजारात जा, सगळं करा, फक्त वजन धरू नका.

शिंप्याचा आरसा कसा फुटला हे मी विचारलं नाही. बाबांनीही सांगितलं नाही. पण डॉक्टरांकडून आलो त्याच संध्याकाळी ते गचक्याच्या घरी चालत गेले. त्यानं दार उघडलं नाही म्हणे. हे पायरीवर बसून राहिले. परत आले तेव्हा म्हणाले, "त्याला दुसरी गाडी मिळालीय. मालक माझ्यापेक्षा बरा आहे." आणि न जेवता झोपले.

तर आता काच मी धरणार. मागे मी उभी राहणार. आणि पुढे बाबा.

हसलास? हस. साठीला टेकलेल्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा स्टिअरिंग हातात घेतलंय. शिकवणाऱ्यानं आधी मॅन्युअलवर बसवलं. गियरची मूठ आवळता येईना. आवळली तर क्लच विसरले. गाडी उड्या मारत भिंतीशी गेली. शिकवणारा म्हणाला, "काका, राहू द्या." म्हणून मी शोरूममध्ये विचारलं आणि त्यानं ऑटोमॅटिकमध्ये एक चक्कर मारून आणली. बाबांनी नुसत्या तळव्यांनी स्टिअरिंग फिरवलं. उतरताना तोंड असं होतं, जसं चोरून काही गोड खाल्लंय. ते मला म्हणाले, "महाग आहे. त्याचे पैसे आहेत. त्याला विचार." विचार म्हणाले ते हे.

राहिलं ते तुझं वाक्य. ज्याच्या हातात गियर, त्याचं दुकान. ते मी बाबांना वाचून दाखवलं. आधी ते हसले. मग म्हणाले, "त्याला पुढे बसवला तो चुळबुळ्या म्हणून. चालवणारा कोणीही मिळतो. धरणाऱ्याला हलून चालत नाही." तुला लागेल म्हणून हे लिहिणार नव्हते. पण तूही माझ्या लग्नापर्यंत गेलास. फिट्टंफाट.

बाबा मला रिकाम्या फळीवर शिकवतात. गाडी वळते तेव्हा अंग कुठे टाकायचं, काच छातीशी नाही तर खांद्याशी कशी घ्यायची, श्वास कधी रोखायचा. मला वाटायचं बाबा मागे नुसते उभे असतात.

पैसे पाठवायचे की नाही ते तू ठरव. नाही आले तर मी मॅन्युअल घेईन, तीच चालवीन, आणि मागे धरायला पगारी माणूस ठेवावा लागेल. बाबा मग दुकानात स्टुलावर बसतील. बसवून बघितलं. दिवसभर रस्त्याकडे पाहत होते.

आणि तुला गाडीवरून का काढलं? हवेशीर म्हणे! माझ्या पहिल्या प्रश्नाचंही उत्तर अजून आलेलं नाही.

ताई


१४ मे

ताई,

चुळबुळ्या म्हणे! हे वाचून मी उठलो, पिंपांभोवती एक फेरी मारली, परत येऊन बसलो, परत उठलो. मुकादम म्हणाला, "काय रे, मुंग्या लागल्या का?" तेव्हा बाबांचं खरं आहे हे माझ्या लक्षात आलं, आणि मग तर डोकंच फिरलं. एवढी वर्षं मी रुबाबात पुढे बसून लोकांना हॉर्न मारत होतो, आणि दुकान माझ्या पाठीमागे उभं होतं! कोणी एका शब्दानं सांगू नये?

तू लायसन्स दाखवलंस तेव्हा मी हसलो, हे मला आठवत नव्हतं. आता आठवलं. जाऊ दे.

गाडीवरून का काढलं ते सांगतो, म्हणजे तुझा जीव शांत होईल. भर बाजारात एक सायकलवाला आडवा आला. मी काय केलं? डावा पाय उचलला आणि दाणकन क्लच दाबला. क्लच कुठाय? तिथे ब्रेकचं रुंद पेडल. गाडी जागच्या जागी मेली. पिंपं मात्र मेली नाहीत, ती पुढे आली. झाकणं उडाली. तेल मागच्या काचेवर, टपावरून पुढच्या काचेवर, खिडकीतून माझ्या मानेत. काळं, कोमट, त्यात कुठल्या कुठल्या तळणीचे चोथे. ते पाठीवरून खाली उतरताना जी शिसारी आली ती अजून गेलेली नाही. सायकलवाला घसरून पडला आणि उठून मला शिव्या देताना पुन्हा पडला. गावातली सगळी मांजरं आली. मी तेल खराट्यानं ढकलत होतो, वरून वाळू टाकत होतो, आणि लोक नाकाला रुमाल लावून उभे. मुकादम एवढंच म्हणाला, "तुला एक पाय जास्त आहे." त्याआधीही एकदा असंच झालं होतं, पण तेव्हा पिंपं रिकामी होती, म्हणून तुला लिहिलं नाही.

तर माझी ही अक्कल घेऊन मी तुला गाडी कुठली घ्यायची ते शिकवत होतो. गाडी वाईट आहे असं मी लिहिलं. गाडी वाईट नाही. म्हणजे मला ती अजून आवडत नाहीच, तिच्यात बसलं की आपण सामान आहोत असं वाटतं. पण बाबांना तीच घ्या. त्यांच्या पायाला क्लचची खोड नाही. आपल्या घरात ती गाडी चालवायला लायक माणूस तो एकच. तू नाहीस, मी तर नाहीच. तू तिला हातही लावू नकोस, तुझाही पाय माझ्यासारखाच बिघडलेला आहे.

काही गोष्टी मात्र माझ्या ऐक. बाबांना सांग, डावा पाय मागे सीटखाली दुमडून ठेवायचा, पहिल्या दिवसापासून. आणि नव्या गाडीची केबिन घट्ट असते. काचा वर केल्या की आत काही ऐकू येत नाही. पैसे भरायच्या आधी बाबांना आत बसव, इंजिन सुरू कर, आणि तू मागे उभी राहून टप ठोक. एक ठोका, दोन ठोके. ऐकू आले तरच घे. शोरूमवाला हसला तर हसू दे. नातवंडांना सांगायला त्याला काहीतरी होईल. आणि त्यांच्या बाजूची खिडकी कायम उघडी, पाऊस असो की धूळ.

गचक्याचं वाचून माझी मलाच किळस आली. बाबांनी त्याला काढलं ते एक झालं. पण मी बसलो होतो पत्र लिहायला, ते नाव ठेवल्याबद्दल माफी मागतो असं त्याला कळवायला, आणि वर काय लिहायचं तेच सुचेना. त्याचं खरं नाव मला माहीत नाही. कधी विचारलंच नाही. तू विचार आणि कळव.

आता तू. पुरुषभर आरसा एकटीनं धरायचा नाही. बाबांनी सगळं एकट्यानं धरलं म्हणून त्यांचे हात गेले. मागे दोघांना जागा असते, मी मनातल्या मनात मापून बघितलीय. एका टोकाला तू, दुसऱ्या टोकाला मी. ठोके तू द्यायचे, मी फक्त धरीन. बाबांनी मला रिकाम्या फळीवर शिकवावं, आधी तुला जे शिकवलं ते सगळं, पहिल्यापासून. मी हलणार नाही. हललो तर टपावर ठोकायचं ते माझ्या डोक्यावर ठोक.

अडचण हातांचीच आहे. साबण झाला, सोडा झाला, राख झाली, रॉकेलनंसुद्धा घासून बघितलं. काल मुकादमाच्या खिडकीच्या काचेवर बोट टेकवलं तर ठसा उठलाच, एकेक वळण दिसेल असा. बाबा काचेवर माशीचा पायसुद्धा खपवून घेत नाहीत. पहिले काही दिवस मला हातमोजे द्या. नंतर जाईल.

तारीख विचारली होतीस. अठ्ठावीस जून. नुसती लिहीत नाही, तिकीट काढलंय. म्हणूनच या पत्राला उशीर झाला.

छदाम देणार नाही म्हणालो होतो, ते खोडून टाक. दोन गाड्यांतला फरक साठ हजारांचा होता ना? तेवढे माझ्याकडे होते. त्यातून मुकादमानं सांडलेल्या तेलाचे कापले, तिकिटाचे गेले. बाकीचं जुनी गाडी देऊन जमव, आणि पत्रा सडलाय हे आपण होऊन सांगू नकोस. माझ्याकडे उरलं ते सगळं पाठवतोय, चौतीस हजार.

तुझा भाऊ